औषधी गांजाच्या दुकानाचा जमाखर्च

गेल्या महिन्यांत सोलापूर जिल्ह्यांतील एका वाचकांचें पत्र आम्हांस आलें. घर एकत्र, चार भावांचें. पत्र लिहिणारे सर्वांत वडील. त्यांचा पुतण्या गेलीं नऊ वर्षें कॅलिफोर्नियांत नोकरीस आहे. तेथें त्याच्या ओळखीच्या एका गृहस्थाचें परवान्याचें 'मेडिकल मारिजुआना डिस्पेन्सरी', म्हणजे औषधी गांजाचें दुकान आहे. त्या दुकानांत भागी मिळण्यासारखी आहे, धंदा फायद्याचा आहे, तेव्हां घरच्या पैशांपैकीं कांहीं रक्कम त्यांत घालावी काय, असें पुतण्यानें विचारलें आहे. घरांत लागलीच दोन तट पडले. मातोश्रींनीं 'गांजा' हा शब्द ऐकतांच हातांतील जपमाळ खालीं ठेविली. धाकटी सून औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर आहे, ती म्हणते कीं, तेथें तें कायदेशीर औषध आहे, देवळामागच्या बैराग्याची चिलीम नव्हे. पत्रकर्ते विचारतात कीं, दोहोंपैकीं खरें कोणतें?

आमच्या मतें दोहोंमध्यें थोडें थोडें खरें आहे. परंतु ज्या प्रश्नावर घरांत वाद झालाच नाहीं तोच मुख्य. तो हा कीं, अशा दुकानांत फायदा होतो तो कशाचा होतो, आणि दुखणाइतासाठीं निघालेल्या दुकानाच्या हिशेबांत दुखणाइताची जागा कोठें असते? आम्हीं शाळेंत तीसांहून अधिक वर्षें मुलांस नफातोट्याचीं उदाहरणें घातलीं, पण या दुकानाइतकें विलक्षण उदाहरण आमच्या कोणत्याही अंकगणितांत नव्हतें.

प्रथम 'डिस्पेन्सरी' या शब्दाविषयीं. तो ऐकतांच लाकडी बाक, लाल मिक्श्चरची बाटली, तिच्यावर चिकटविलेली कागदी मात्रापट्टी आणि फळीमागचा कंपाउंडर असें जें चित्र आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें उभें राहतें, तें येथें विसरावें. कॅलिफोर्नियांतील या दुकानांत डॉक्टर बसत नाहीं. परीक्षा दिलेला फार्मासिस्ट असलाच पाहिजे असाही नियम नाहीं. रोगी बाहेरच्या डॉक्टरची 'शिफारस' घेऊन येतो. प्रिस्क्रिप्शन नव्हे, शिफारस. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें १९७० च्या कायद्यान्वयें गांजा पहिल्या अनुसूचींत, म्हणजे ज्यांस मान्य असा औषधी उपयोग नाहीं अशा पदार्थांत घातला. त्यामुळें डॉक्टरास त्याची चिठ्ठी लिहितां येईना. परंतु 'तुम्हांस याचा उपयोग होईल' असें रोग्यास सांगणें हें डॉक्टरच्या भाषणस्वातंत्र्यांत मोडतें, असा निकाल तेथील नवव्या विभागाच्या अपील न्यायालयानें २००२ सालीं कोनंट विरुद्ध वॉल्टर्स या खटल्यांत दिला. चिठ्ठी आणि शिफारस यांत अंतर केसाएवढें, आणि सारा धंदा त्या केसाला टांगलेला!

वनस्पति मात्र आपणांस नवी नाहीं. अथर्ववेदांत तिचें नांव आलें आहे. जें द्रव्य पचण्यापूर्वींच सर्व शरीरांत पसरतें त्यास शार्ङ्गधरानें व्यवायी अशी संज्ञा देऊन उदाहरणादाखल भांग आणि अफू यांचींच नांवें दिलीं आहेत. १८३९ च्या सुमारास कलकत्त्यास ओशॉनेसी या डॉक्टरनें संधिवात, धनुर्वात, मुलांच्या आंकड्या इत्यादि विकारांवर हिचे प्रयोग करून पाहिले, आणि त्याच्या लेखांच्या द्वारें हें औषध विलायतेंत व पुढें अमेरिकेंत मान्यता पावलें. पुढें १८९३-९४ सालीं सरकारी कमिशननें मुंबई इलाखा धरून सर्व हिंदुस्थानांत ११९३ साक्षीदारांची साक्ष घेतली आणि सरसकट बंदी न घालतां परवाने व कर यांनीं नियंत्रण ठेवावें असा अभिप्राय दिला. अमेरिकेच्या अधिकृत औषधसंग्रहांतून ही वनस्पति १९४२ सालीं वगळली गेली. आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानें गांजा व चरस यांवर बंदी आली. शेंड्यांवेगळीं असलेलीं पानें आणि बिया तेवढ्या त्या व्याख्येबाहेर राहिल्या. तेव्हां मातोश्रींस ज्याची शिसारी येते आणि सूनबाई ज्यास औषध म्हणतात तीं एकाच झाडाचीं दोन नांवें आहेत, एवढें समजून पुढें जाऊं. औषध म्हणून त्याची योग्यता किती, तेंही येथेंच सांगून टाकतों. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनीं २०१७ सालीं जो मोठा अहवाल काढला त्यांत प्रौढांचें जुनाट दुखणें, कर्करोगावरील औषधांनीं होणारी ओकारी, आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस या रोगांत रोग्यास जाणवणारा स्नायूंचा ताठरपणा, एवढ्यांवर त्याचा उपयोग होतो यास भरपूर पुरावा आहे असें म्हटलें आहे. दुकानाच्या फळीवर ज्या ज्या गुणांची जाहिरात असते त्यांपैकीं पुष्कळांस असा आधार नाहीं.

हीं दुकानें निघालीं कशीं, तें मात्र सावकाश सांगितलें पाहिजे. एड्स या रोगानें सॅन फ्रान्सिस्को शहरांत तरुण माणसें पटापट मरूं लागलीं, अन्नावरची वासना जाऊन हाडांचे सांपळे होऊं लागले, त्या काळची ही गोष्ट आहे. मेरी रॅथबन नांवाची एक वृद्ध बाई, पूर्वी खाणावळींत वाढपाचें काम केलेली, गांजा घातलेल्या वड्या भाजून या रोग्यांस नेऊन देई. तिला त्याबद्दल अटकही झाली; तरी ती इस्पितळांत स्वयंसेविका म्हणून जातच राहिली. डेनिस पेरॉन या गृहस्थाचा जिवाचा सोबती १९९० मध्यें याच रोगानें गेला. त्यानें पुढें रोग्यांसाठीं गांजाचा क्लब काढला. या दोघांच्या व त्यांच्यासारख्यांच्या खटपटीनें ५ नोव्हेंबर १९९६ रोजीं कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं शेंकडा ५५ हून अधिक मतांनीं २१५ क्रमांकाचा ठराव मंजूर केला. त्या कायद्याचें नांवच मुळीं 'करुणेपोटीं उपयोगाचा कायदा' असें आहे. त्यांत रोगी आणि त्याची शुश्रूषा करणारा या दोघांस संरक्षण दिलें होतें; दुकान हा शब्दही नव्हता.

पुढें २००४ च्या आरंभीं अंमलांत आलेल्या पुरवणी कायद्यानें रोग्यांस एकत्र येऊन लागवड करण्याची मुभा दिली, परंतु नफ्यासाठीं लागवड वा वांटप करण्यास यानें परवानगी मिळते असें कोणीं समजूं नये, हेंही स्पष्ट बजावलें. २००८ सालीं राज्याच्या ॲटर्नी जनरलनें काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही तेंच आहे: सभासदांनीं खर्चापुरतें द्यावें, नफा नसावा. म्हणजे ज्या धंद्याच्या फायद्याविषयीं आमचे वाचक विचारतात, तो फायदा पुष्कळ वर्षें कागदोपत्रीं असूंच शकत नव्हता. प्रत्यक्षांत काय होतें, तें शहाण्यास सांगावयास नको. भाडें, पगार, 'वाजवी मोबदला' या सदरांत पुष्कळ कांहीं मावतें. धर्मादाय संस्थेच्या वह्या ज्यांनीं तपासल्या आहेत त्यांस हीं सदरें परिचयाचीं आहेत. उलटपक्षीं सांता क्रूझ येथें वॅलेरी कोरल या बाईंनीं १९९३ पासून चालविलेल्या मंडळींत मरणोन्मुख रोगी मिळून बाग करीत व गांजा फुकट वांटून घेत. मध्यवर्ती सरकारच्या शिपायांनीं सप्टेंबर २००२ मध्यें ती बाग उपटली, तेव्हां थोड्याच दिवसांत त्या मंडळीनें नगरभवनाच्या पायऱ्यांपाशीं उभें राहून उघडपणें रोग्यांस औषध वांटलें.

आतां गणिताकडे वळूं. १९८१ सालीं अमेरिकेच्या कर-न्यायालयापुढें मिनीॲपोलिस शहरांतील एका चोरट्या विक्रेत्याचें प्रकरण आलें. कोकेन, गांजा इत्यादि विकून मिळालेल्या उत्पन्नावर कर मागितला, तेव्हां त्यानें तराजू, टेलिफोन, मोटारीचा प्रवास, घरभाड्याचा हिस्सा असे खर्च वजा मागितले. आणि न्यायालयानें ते बरेचसे मान्य केले! या निकालानें संतापून कायदेमंडळानें १९८२ सालीं प्राप्तिकराच्या कायद्यांत २८०-ई हें कलम घातलें. पहिल्या किंवा दुसऱ्या अनुसूचींतील पदार्थाचा जो व्यापार करतो त्यास धंद्याचा कोणताही खर्च वजा मिळणार नाहीं, असें तें कलम म्हणतें. मालाची खरेदी किंमत तेवढी वजा होते. बाकी कांहीं नाहीं. चौदा वर्षांनीं रोग्यांसाठीं दुकानें निघतील हें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नींही नव्हतें. पण कलम तेंच लागूं झालें.

वाचकांनीं पाटी घ्यावी. आंकडे आमचे, केवळ उदाहरणासाठीं. एका दुकानानें १०० डॉलरांचा माल विकला. माल ५० डॉलरांस घेतलेला. भाडें, पगार, पहारेकरी, दिवाबत्ती मिळून ३५ गेले. निव्वळ नफा १५. हें दुकान कापडाचें असतें तर शेंकडा २१ या दरानें मध्यवर्ती कर ३ डॉलर १५ सेंट झाला असता आणि ११ डॉलर ८५ सेंट घरीं आले असते. दुकान गांजाचें असल्यामुळें कर १५ वर नव्हे, ५० वर लागतो. म्हणजे १० डॉलर ५० सेंट. घरीं आले साडेचार. आतां याच दुकानानें रोग्यांस समजावून सांगण्यासाठीं आणखी एक परिचारिका ठेविली आणि खर्च ३५ चा ४० झाला असें धरा. नफा १० उरला. कर मात्र पूर्वींचाच साडेदहा. धंद्यांत नफा असूनही पदरचे ५० सेंट द्यावे लागले! शाळेंत असें उदाहरण आम्हीं घातलें असतें तर एखाद्या हुशार विद्यार्थ्यानें 'गुरुजी, उत्तर चुकलें' म्हणून बोट वर केलें असतें.

या गणिताचा परिणाम असा कीं, विकत घेऊन विकणें एवढेंच करणारें दुकान तगतें, आणि रोग्याजवळ बसणारें दुकान बुडतें. न्यायालयांतील तीन प्रकरणें पाहावीं. सॅन फ्रान्सिस्कोंतील एका संस्थेचे जवळजवळ निम्मे सभासद एड्सचे रोगी होते, बाकीचे कर्करोग वगैरेंचे. ती त्यांस जेवण देई, समुपदेशन करी, आधारमंडळें चालवी, आणि एकाच वर्गणींत थोडा गांजाही देई. शुश्रूषा हा येथें वेगळा व मुख्य व्यवसाय आहे, असें २००७ मध्यें कर-न्यायालयानें ठरविलें आणि त्यापुरते खर्च वजा दिले. हें पाहून इतरांस हुरूप आला. त्याच शहरांतील 'व्हेपर रूम' या दुकानांत चहा, फराळ, बुद्धिबळ, योगासनें, मालिश सर्व कांहीं मिळे, पण फुकट. पैसे घेत ते फक्त गांजाचे. न्यायालय म्हणालें, फुकट दिलें म्हणजे तो व्यवसाय नव्हे. व्यवसाय एकच, गांजाविक्रीचा. २०१२ चा तो निकाल २०१५ मध्यें अपिलांत कायम झाला. ऑकलंड येथील 'हार्बरसाइड' या २००६ पासूनच्या बड्या दुकानाचेंही तेंच झालें. २०१८ मध्यें कर-न्यायालयांत व २०२१ मध्यें अपिलांत. या निकालांस आम्ही अन्याय म्हणत नाहीं. कायद्याचीं अक्षरें जशीं होतीं तशीं न्यायाधीशांनीं वाचलीं. परंतु ज्या खर्चाची सोय हवी होती तोच खर्च शिक्षेस पात्र ठरला.

रोख पैशांचा प्रश्न याच्याच पोटांतला. मध्यवर्ती कायद्याच्या भीतीनें पुष्कळ पेढ्या या दुकानांचें खातें उघडीत नाहींत. २०१४ मध्यें अर्थखात्यानें पेढ्यांसाठीं नियमावली काढूनही संकोच पुरता गेला नाहीं. मग नोटा तिजोरींत, तिजोरीवर पहारा, आणि पहारेकऱ्याचा पगार कलम २८०-ई खालीं वजा नाहीं. शिवाय गांव दुकान घेऊं देईलच असें नाहीं. नगरपालिकांस सरळ मनाई करतां येते असें राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालींच सांगितलें आहे.

नोव्हेंबर २०१६ च्या सार्वमतानें प्रौढांस मौजेसाठींही गांजा घेण्याची मोकळीक झाली आणि १ जानेवारी २०१८ पासून तशी विक्री सुरू झाली. नफ्यावरील जुना निर्बंधही परवान्यांच्या या नव्या व्यवस्थेंत उरला नाहीं. रोग्यापेक्षां मौजेचें गिऱ्हाईक केव्हांही मोठें. एकाच फळीवरून दोघांस माल जाऊं लागला, आणि मौजेच्या विक्रीवर बसविलेला शेंकडा १५ चा अबकारी कर रोग्याच्या पुडीवरही बसला. (जुलै २०२५ मध्यें तो १९ झाला व ऑक्टोबरांत पुन्हां १५ वर आला.) ज्याच्याजवळ राज्याचें ओळखपत्र असेल त्या रोग्यास विक्रीकराची माफी मिळते, अबकारीची नाहीं. सर्वांत वाईट गोष्ट अशी कीं, गरीब रोग्यास फुकट दिलेल्या मालावरही कर द्यावा लागूं लागला, आणि दान करणाऱ्या कित्येक मंडळ्यांस तें झेपेना. करुणेच्या नांवानें मागितलेल्या परवानगीखालीं व्यापार उभा राहिला आणि करुणा तेवढी कराखालीं सांपडली, हें पाहून राज्यानें २०१९ मध्यें कायदा करून अशा दानास करमाफी दिली. त्या कायद्याला डेनिस पेरॉन आणि मेरी रॅथबन यांचींच नांवें आहेत. तेव्हां दोघेंही हयात नव्हतीं.

आतां पत्रकर्त्यांस घरगुती सल्ला. अनुसूची बदलली तर २८०-ई चा फास सुटेल, आणि धंद्याचा रंगच पालटेल, असें पुतण्या सांगत असेल. तें खोटें नाहीं. गांजा तिसऱ्या अनुसूचींत आणण्याचें काम त्वरेनें करावें असा अध्यक्षांचा आदेश डिसेंबर २०२५ मध्यें निघाला. परंतु ज्या दिवशीं पैसे घालावयाचे त्या दिवशीं मुद्रित नियम काय म्हणतो तेवढेंच खरें धरावें. उद्यांच्या नियमावर आजचें कर्ज काढूं नये.

याहून मोठी गोष्ट पुतण्यानें कळविलेली दिसत नाहीं. तो अद्यापि तेथला नागरिक नाहीं. एप्रिल २०१९ मध्यें तेथील नागरिकत्वखात्यानें स्पष्ट केलें आहे कीं, राज्याच्या कायद्यानें मान्य असलेल्या गांजाच्या धंद्यांतील नोकरीनेंही अर्जदाराच्या सद्वर्तनास बाध येऊं शकतो. मग मालकीबद्दल बोलावयासच नको. नागरिकत्व दूर राहो, परदेशीं जाऊन परत येतांना देशांत प्रवेश मिळण्याचाही प्रश्न यांतून उपस्थित होतो. अनुसूची पहिली जाऊन तिसरी आली तरी पदार्थ 'नियंत्रित' तो नियंत्रितच. नऊ वर्षांच्या नोकरीवर, बायकोच्या व्हिसावर, मुलांच्या शाळेवर हा एक कागद येऊन पडूं शकतो. आपल्या घरांतून तिकडे गेलेल्या मुलांस तेथील दुकानाचा उघडा परवाना दिसतो, दारावरची पाटी दिसते, रांग दिसते. म्हणून हें आम्ही मुद्दाम विस्तारानें लिहीत आहों.

आणि पैसे एकत्र कुटुंबाचे आहेत. परदेशीं वर्षास अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठविण्याची जी रिझर्व्ह बँकेची सवलत आहे ती व्यक्तीस आहे, हिंदु अविभक्त कुटुंबास नाहीं. चौघां भावांपैकीं कोणी तरी एकट्यानें आपल्या नांवावर पाठवावे लागतील, आणि मग ते कोणाचे, या प्रश्नावर वाटणीच्या वेळीं जो रामरगाडा होतो तो आमच्या वाचकांनीं पुष्कळ घरांत पाहिला असेल.

इतकेंही करून पुतण्यास जावयाचेंच असेल, तर आधीं स्थलांतराच्या कायद्याचा वकील आणि मग हिशेबनीस, या क्रमानें त्यानें जावें. हिशेबनिसाकडे जातांना विकणाऱ्याकडून मागील वर्षांचीं करपत्रकें घ्यावीं आणि एवढेंच विचारावें कीं, खर्च वजा घेतले होते काय. घेतले असतील, तर त्या वर्षांची बाकी व्याजासह अजून उभी असण्याचा संभव आहे. आणि कंपनीचे भाग घेणाराच्या वांट्यास दुकानाबरोबर ती बाकीही येते.